हौशे, गवशे आणि वाळवंट

मराठीत ‘हौशी’ हा शब्द दोन तोंडांनी बोलतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या पत्रकावर तो मानाने छापला जातो. तोच शब्द एखाद्या कवितासंग्रहाच्या परीक्षणात आला की कवीने निमूटपणे वही मिटावी, एवढाच त्याचा अर्थ उरतो. जत्रेला लोटणाऱ्या गर्दीची ‘हौशे, नवशे, गवशे’ अशी वर्गवारी करताना आपल्या भाषेने हौशांना पहिला मान दिला होता. समीक्षेने त्यांना उचलून मागच्या रांगेत बसवले. या शब्दाकडे पुन्हा पाहण्याचे आमचे निमित्त मात्र साहित्यातले नाही. ते आहे वाळवंटातून जाणाऱ्या दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींचे, त्यांत उतरणाऱ्या हौशी माणसांचे, आणि त्यांच्याविषयी मराठी भाषा जे काही बोलते त्याचे. ते बोलणे आम्हांस खोटे वाटते, आणि त्या खोटेपणाची किंमत कधीकधी माणसांच्या जिवाने मोजली जाते, असे आमचे म्हणणे आहे.

आधी हकिकत. जून २०१५ मध्ये नाशिकचे दोन डॉक्टर बंधू, भूलतज्ज्ञ हितेंद्र महाजन आणि दंतवैद्य महेंद्र महाजन, ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या सायकल शर्यतीत दोघांचा संघ म्हणून उतरले. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरील ओशनसाइडपासून अटलांटिकच्या बाजूच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत, सुमारे ४८०० किलोमीटरचे हे अंतर नऊ दिवसांच्या मुदतीच्या आत पार करणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, नाशिकशी नाते असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी हीच शर्यत एकेकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत, एकामागोमाग पूर्ण केली. चौघेही डॉक्टर. कोणाचाही चरितार्थ सायकलीवर चालत नव्हता. ही शर्यत डांबरी रस्त्यावरची आहे हे खरे. पण आडवाटेच्या आणि मोटारींच्या शर्यतीही नाशिकला परक्या नाहीत. राष्ट्रीय मालिकेतली ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ ही फेरी याच जिल्ह्यातल्या मातीच्या रस्त्यांवर झालेली आहे. आणि जानेवारी २०२५ मध्ये पुण्याचे संजय टकले सौदी अरेबियातल्या ‘डकार क्लासिक’मध्ये जुनी टोयोटा लँड क्रूझर घेऊन उतरले होते.

असे काही घडले की आपल्याकडे वाक्ये तयार असतात. वाळवंटावर मात. मृत्यूशी झुंज. निसर्गाला आव्हान. आणि अर्थातच, अटकेपार झेंडा. १७५८ साली मराठी फौजा सिंधूकाठी गेल्या त्यास अडीचशेहून अधिक वर्षे लोटली. तेव्हापासून दहावीच्या गुणवत्ता यादीपासून पाककृती स्पर्धेपर्यंत जो कोणी जिल्ह्याबाहेर जाऊन काही करतो त्याच्या हाती आपण तोच झेंडा देतो. सत्कार होतो, शाल येते, नारळ येतो, आणि वक्ता बोलू लागला की सभागृहातील प्रत्येकाला पुढचे वाक्य आधीच ठाऊक असते.

सायकलस्वार आणि अटक यांचा संबंध काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. आम्ही विचारतो, कारण हा केवळ अलंकाराचा प्रश्न नाही. या भाषेला जो नायक दिसतो तो एकच: एकटा, छाती काढलेला, समोरच्या अफाट शक्तीला ललकारणारा. मराठीत या नायकाचे सर्वांत देखणे रूप नाशिकच्याच कवीने घडवले आहे. कुसुमाग्रजांचे ‘कोलंबसाचे गर्वगीत’ १९४२ च्या ‘विशाखा’त आले. कवितेवर आमचा आक्षेप नाही. असण्याचे कारणही नाही. समुद्राला उद्देशून बोलणाऱ्या त्या दर्यावर्द्याच्या आवाजात त्या काळातील पारतंत्र्यात अडकलेल्या पिढीने स्वतःचा आवाज ऐकला, आणि तो ऐकण्याचा तिला अधिकार होता. आक्षेप आहे तो वारसांवर. त्यांनी कवितेतला प्रसंग टाकून दिला, काळ टाकून दिला, आणि फक्त पवित्रा उचलला. समुद्राच्या जागी हिमालय ठेवा, हिमालयाच्या जागी वाळवंट, पवित्रा कायम. व्यासपीठावर जो तो कोलंबस.

प्रत्यक्षातली शर्यत मात्र कोलंबसाला अगदीच गैरसोयीची आहे. तिच्यात शोधायचे काहीही नसते. मार्ग छापील पुस्तिकेत वळणावळणाने नोंदवलेला असतो. पन्नासहून अधिक ठाण्यांवर स्पर्धकाची वेळ कळवावी लागते. ओशनसाइडहून निघालेला स्वार किनाऱ्यालगतचे डोंगर चढतो आणि मग ज्याला ‘काचेची लिफ्ट’ म्हणतात त्या उताराने बोरेगो स्प्रिंग्जच्या वाळवंटात उतरतो. समुद्रावरची गार हवा मागे राहते आणि काही किलोमीटरांच्या आत भट्टीचे तोंड उघडते. जूनमध्ये तिथे पारा चाळिशी सहज ओलांडतो. ब्रॉली हे गाव तर समुद्रसपाटीच्याही खाली आहे. पुढे कोलोरॅडो नदी ओलांडली की अ‍ॅरिझोनाचे वाळवंट, मग यार्नेलचा घाट. इथवर वक्त्याला चालेल असे सारे काही आहे. पण या शर्यतीत वाहतुकीचे नियम लागू असतात, हे वक्ता सांगत नाही. मध्यरात्री, निर्मनुष्य चौकात, लाल दिवा लागला तर थांबावे लागते. न थांबल्यास वेळेचा दंड होतो. दोन महासागरांमधला भूखंड ओलांडायला निघालेला माणूस पाय टेकवून हिरव्या दिव्याची वाट पाहतो आहे, हे या खेळाचे आम्हांस सर्वांत खरे वाटणारे चित्र आहे. कोलंबस लाल दिव्यापाशी थांबत नाही. म्हणून तो इथे निरुपयोगी ठरतो.

आणि तो एकटाही नसतो. मागून येणारी मोटार, तिच्यात आळीपाळीने झोपणारे चालक, नकाशा वाचणारा, दर काही मिनिटांनी पाणी आणि मीठ मोजून देणारा, रात्री गाडीचे दिवे स्वाराच्या पाठीवर अचूक धरून ठेवणारा, ही सारी मंडळी जवळजवळ तितकीच जागी असतात आणि त्यांना पदक मिळत नाही. दोघांच्या संघात एक भाऊ सायकल मारत असताना दुसरा मागच्या किंवा पुढच्या गाडीत अंग टाकतो. ठरावीक वेळाने ते बदलतात. ही भाषा दिंडीतल्या पाळीची आहे, पहारेकऱ्याच्या पाळीची आहे, रुग्णालयातल्या रात्रपाळीची आहे. डॉक्टरांना ही शर्यत जमते यात आम्हांस मुळीच आश्चर्य वाटत नाही.

जाता जाता एक गंमत. १९८२ साली ही शर्यत प्रथम झाली तेव्हा तिच्यात अवघे चौघे होते. त्यांपैकी मायकेल शर्मर यांनी पुढे अंधश्रद्धांची झडती घेणारे ‘स्केप्टिक’ हे नियतकालिक काढले, ग्रंथ लिहिले, नाव मिळवले. पण दीर्घ पल्ल्याच्या सायकलस्वारांच्या बोलीत त्यांचे नाव अमर झाले ते एका दुखण्यामुळे. दिवसचे दिवस हँडलवर वाकून मान वर धरल्याने मानेचे स्नायू हार मानतात आणि डोके अक्षरशः लोंबू लागते. त्याला ‘शर्मर्स नेक’ म्हणतात. लेखकाला भाषेत मिळालेली इतकी प्रामाणिक जागा आम्हांस दुसरी आठवत नाही. आमच्या सत्कार-वाङ्मयात मात्र मान नेहमी ताठ असते.

आता वाळवंटाकडे येऊ, कारण खरी लबाडी तिथे आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी एक साधा प्रयोग करावा. ‘वाळवंट’ हा शब्द त्यांनी आजीसमोर उच्चारावा आणि तिला काय दिसते ते विचारावे. तिला सहारा दिसणार नाही, चंद्रभागा दिसेल. मराठीत वाळवंट म्हणजे आधी नदीकाठची वाळू: पंढरपूरचे वाळवंट, गोदेचे वाळवंट. तिथे कीर्तन होते, पंगत बसते, मुले हरवतात आणि सापडतात. संतपरंपरेतले वाळवंट गजबजलेले आहे. ते महाराष्ट्रातले कदाचित सर्वांत गर्दीचे ठिकाण असावे. निर्जन, निर्जल, अंतहीन असे वाळवंट आपल्याकडे भूगोलाच्या पुस्तकातून आणि इंग्रजी साहसकथांतून आले, आणि नंतर नवकवितेने त्याला आपल्या एकाकीपणाचे नेपथ्य म्हणून भाड्याने घेतले. आज आपण ‘भावनांचे वाळवंट’ म्हणतो तेव्हा पंढरीचा अर्थ पुसून टाकलेला असतो आणि आपल्याला त्याची जाणीवही नसते.

रिकामे वाळवंट ही किती मेहनतीने घडवलेली वस्तू आहे, याचे उदाहरण एका ग्रंथाच्या नावातच आहे. फ्रेंच वैमानिक-लेखक सेंत-एक्झ्युपेरी यांचे विमान ३० डिसेंबर १९३५ रोजी लिबिया-इजिप्तच्या वाळवंटात कोसळले. तो आणि त्याचा यंत्रज्ञ प्रेव्हो तहानेने मरणाच्या दारात असताना एका बदाऊनी माणसाने त्यांना पाणी पाजून वाचवले. हा अनुभव ज्यात आला त्या १९३९ च्या पुस्तकाचे फ्रेंच नाव आहे ‘तेर देझोम’, म्हणजे माणसांची भूमी. त्याच वर्षी इंग्रजी भाषांतर निघाले ते ‘विंड, सँड अँड स्टार्स’ या नावाने. वारा राहिला, वाळू राहिली, तारे राहिले, माणसे गळाली. आपण हे पुस्तक बहुतेक इंग्रजीतून वाचले. आपल्या वाळवंटातही मग वारा, वाळू आणि तारेच उरले, तर दोष केवळ आपला नाही. पण सवय मात्र आपली झाली.

या सवयीचे परिणाम केवळ ग्रंथालयात राहत नाहीत. मोटारींच्या वाळवंटी शर्यतींचा इतिहास याच रिकामेपणावर उभा आहे. १९७७ मध्ये तिएरी सबीन हा फ्रेंच माणूस मोटारसायकलवरून लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला, वाचला, आणि आपल्याला भेटलेले वाळवंट इतरांनाही भेटावे म्हणून त्याने २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून डकारकडे पहिली शर्यत सोडली. १८२ वाहने निघाली, ७४ पोचली. त्यांत कारखान्यांचे पगारी चालक थोडे आणि स्वखर्चाने निघालेले हौशी पुष्कळ होते. त्या हौसेचे मोल आम्हांस कमी करायचे नाही. परंतु सहारा कोणाच्या तरी घरासमोरचे अंगण आहे, ही गोष्ट त्या उत्सवात फार उशिरा शिरली. १९८८ च्या शर्यतीत स्पर्धक आणि स्थानिक लोक मिळून सहा जीव गेले. १९९१ मध्ये रनो या लोकप्रिय गायकाने या शर्यतीवर असे जहरी गाणे रचले की त्याचे नाव इथे भाषांतरित करणे आम्ही टाळतो. १९८२ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांचे चिरंजीव मार्क थॅचर याच शर्यतीत सहा दिवस हरवले होते, हे जगाला ठाऊक आहे. त्यांना शोधायला अल्जेरियाचे लष्कर कामाला लागले होते, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. मॉरिटानियातील हिंसाचारानंतर २००८ ची शर्यत रद्द झाली, ती २००९ मध्ये दक्षिण अमेरिकेत गेली आणि २०२० पासून सौदी अरेबियात भरते. डकार शहर नकाशात पूर्वीच्याच जागी आहे. शर्यत मात्र त्याचे नाव घेऊन फिरते आहे. इतके सहज उचलून नेता येणारे वाळवंट हे स्थळच नव्हे, ते नेपथ्य आहे.

इथे कोणी म्हणेल की फ्रेंचांच्या पापाचा हिशेब नाशिकला बसून का मांडता? तर मग आपल्या देशातले सांगतो. २१ सप्टेंबर २०१९ रोजी राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात, समदडीजवळ, राष्ट्रीय रॅली मालिकेच्या फेरीत एका स्पर्धक मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दुचाकीवरील आई, वडील आणि मुलगा असे एकाच कुटुंबातील तिघे जागीच गेले. रस्ता शर्यतीसाठी बंद केला होता आणि दुचाकी आत आली, असे आयोजकांचे म्हणणे होते. चालक कसलेला होता, हौशी नव्हता. आम्हांस त्याच्यावर खटला चालवायचा नाही, ते काम न्यायालयाचे. आमचे बोट शब्दाकडे आहे. ‘बंद रस्ता’ हा शब्दप्रयोग शर्यतीच्या नियमपुस्तिकेत अर्थपूर्ण आहे. ज्याला शेतावर किंवा सोयऱ्याकडे जायला तोच एक रस्ता आहे त्याच्या भाषेत तो निरर्थक आहे. वर्षानुवर्षे आपण थरार, धूळ, वेग आणि ‘निर्मनुष्य मरुभूमी’ लिहीत आलो असू, तर त्या वाक्यांमध्ये दुचाकीला जागा कुठून मिळणार? थारचे वाळवंट हे जगातील दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे. पोखरणची चाचणी झाली तेव्हाही आपल्या मराठी मनात रिकामी वाळू होती. खेतोलाई नावाचे गाव तिथे जवळच होते आणि आहे.

इतके वाचून आमच्या काही प्राध्यापक मित्रांना समाधान वाटेल, कारण त्यांचा निष्कर्ष तयार असतो: हा धनदांडग्यांचा चाळा आहे, त्यावर कशाला शाई वाया घालवायची! एका चर्चासत्रात चहाच्या वेळी हेच वाक्य आम्ही ऐकले, आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रश्न सुटल्याचे समाधान होते. त्यांनाही आमचा विरोध आहे, आणि तो पहिल्याइतकाच तीव्र आहे. पैसा लागतो, हे उघड आहे. रजा लागते, घरातल्या कोणीतरी मागचा भार उचलावा लागतो, हेही उघड आहे. आणि तो भार बहुधा बाईमाणूस उचलते, हे चर्चासत्रात कोणी म्हटले असते तर आम्ही टाळी दिली असती. पण फावल्या वेळात, पोटाचा धंदा सांभाळून, स्वतःला झिजवून काही करणे हा चाळा असेल तर मराठी साहित्याचे काय करायचे? वसंत कानेटकर नाशिकच्या महाविद्यालयात शिकवत होते. मर्ढेकर आकाशवाणीत नोकरीला होते. कोलटकर जाहिरातीच्या धंद्यात. केवळ लेखणीवर पोट भरलेले मराठी लेखक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. या भाषेतले बहुतेक मोलाचे वाङ्मय हौशांनी लिहिले आहे आणि तेच वाङ्मय शिकवून पगार घेणारे आपण ‘हौशी’ ही शिवी म्हणून वापरतो.

‘हौस’ हा शब्द अरबी ‘हवस’पासून आला. हिंदीत तो वासनेकडे, लोभाकडे कलला. मराठीने त्याला लग्नात, सणात, डोहाळजेवणात नेऊन माणसाळवले. नऊवारी नेसण्याची हौस, मुलांना खाऊ घालण्याची हौस. गोड झाला, पण त्यातली धार गेली. सायकलवरचे ते आठ-नऊ दिवस, किंवा डकारमधल्या त्या दुचाकीस्वारांचे दोन आठवडे, जे एकही मदतनीस न घेता उतरतात, ज्यांच्याकडे सुट्या भागांची एक पेटी आणि एक तंबू असतो, आणि जे दिवसभराचे शेकडो किलोमीटर संपवून रात्री स्वतःच गाडीचे टायर बदलतात, ही सगळी हौस मुळातल्या हवशीच्या अधिक जवळची आहे. तिच्यात शिस्त आहे, आणि एक प्रकारचा हावरेपणाही आहे. दोन्ही एकत्र पाहू शकणारी समीक्षा आपल्याकडे असायला हवी होती.

टकले ज्या ‘क्लासिक’ प्रकारात उतरले त्याचाच नियम पाहा. तिथे जुन्या जमान्यातील गाड्या धावतात आणि ठरवून दिलेल्या सरासरी वेगाशी प्रामाणिक राहावे लागते. मागे पडलात तर दंड, पुढे गेलात तरी दंड. थराराच्या भाषेला हा नियम समजतच नाही. छंदात लिहिणाऱ्याला तो लगेच समजेल.

वारीशी तुलना करण्याचा मोह आम्हांसही होतो. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी निघते आणि साडेचारशे किलोमीटरच्या आसपास चालत पंढरपूरला पोचते. नाशिकचे सायकलस्वार दरवर्षी पंढरपूरची सायकल वारीही करतात. वारीत शर्यत नाही, असे लगेच म्हटले जाते. पण तिच्यात मुदत आहे, आणि ती कठोर आहे: आषाढी एकादशी कोणासाठी थांबत नाही. मुक्काम ठरलेले आहेत. सामानाचे ट्रक आहेत, पुढे जाऊन चुली पेटवणारी माणसे आहेत. सहनशक्तीच्या शर्यतीचे सारे अवयव तिथे आहेत, एक सोडून: आधी कोण पोचला हे कोणी विचारत नाही. शर्यतीतल्या बहुसंख्य हौशांनाही तो प्रश्न फारसा पडत नाही. त्यांना पडतो तो ‘मुदतीत पोचलो का’ हा. तुलना इथवरच नेता येते. यापुढे नेली तर सायकलस्वाराच्या कपाळी आपण बुक्का लावू आणि पुन्हा सत्कार सभेतच जाऊन बसू.

न पोचलेल्यांचे काय, हाही प्रश्न आहे. बंगळुरूचे समीम रिझवी यांनी महाजन बंधूंच्या कितीतरी आधी ही अमेरिकन शर्यत एकट्याने करण्याचे प्रयत्न एकाहून अधिक वेळा केले. पहिल्या भारतीयाची अधिकृत नोंद मात्र २०१७ ची आहे. २००३ मध्ये ब्रेट मालिन आणि २००५ मध्ये बॉब ब्रीडलव्ह हे स्पर्धक याच मार्गावर वाहनाच्या धडकेने मरण पावले. ब्रीडलव्हही डॉक्टरच होते. पाच वेळा जिंकलेला स्लोव्हेनियाचा यूरे रोबिच २०१० मध्ये सरावाच्या वेळी मोटारीवर आदळून गेला. या नोंदींना सत्काराच्या भाषणात जागा नसते आणि प्राध्यापकांच्या निष्कर्षातही नसते. एका बाजूला त्या अपशकुनी, दुसऱ्या बाजूला त्या क्षुल्लक.

आमची मागणी लहान आहे. शर्यतीत मागच्या गाडीतली मंडळी एक वही ठेवतात. किती वाजता किती पाणी, किती मीठ, किती खाल्ले, किती वेळ झोप, कुठे थांबला, काय बोलला. अमुक मैलावर स्वाराला रस्त्याकडेला नसलेले माणूस दिसले, असेही कधी त्यात येते, कारण तीन-चार रात्री न झोपलेल्या मेंदूला तसे दिसते. थकलेल्या हाताने, हलत्या गाडीत, कोणाला दाखवायचे नाही म्हणून लिहिलेले हे गद्य असते. ललित गद्य शिकवणाऱ्यांनी यंदा नाशिकच्या एखाद्या सायकलस्वाराला वर्गात बोलवायचे ठरवले तर त्याला अनुभवकथनाचे आमंत्रण देऊ नये. ती वही मागवावी, आणि ज्याने ती लिहिली त्या साथीदारालाही सोबत बोलवावे.